माळवदावरचं खरबूज

सुगराभाभी लग्न होऊन आमच्याकडे आली तेव्हा तिच्या मांडीवर एक बांबूची टोपली होती आणि त्या टोपलीला ती कुणाला हात लावू देत नव्हती. लातूरहून नांदेडपर्यंत वऱ्हाडाच्या गाडीत बाकीच्या बायका झोपा काढत आल्या. ही मात्र एका हातानं डोक्यावरची ओढणी आणि दुसऱ्या हातानं टोपली सांभाळत ताठ बसून आली. टोपलीवर हिरवा रुमाल बांधलेला होता. आत माहेरचा दागिना असणार, असा मोठ्या बायकांचा अंदाज होता. मी आठवीत होते, माझा अंदाज मिठाईचा होता. घरात पाऊल टाकल्यावर अम्मीनं कौतुकानं, "ला बेटा, मैं रखती," म्हणत रुमालाखाली हात घातला आणि दुसऱ्याच क्षणी किंचाळली, "या अल्ला! बिच्छू रखी क्या इसमें?" रुमाल सुटला. आत पत्र्याच्या तीन लहान डब्यांत तीन काटेरी रोपटी होती. नवी नवरी मान खाली घालून, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "बिच्छू नहीं अम्मी, फूलां के झाड़ हैं." सगळ्यांनी वाकून पाहिलं. फूल एकावरही नव्हतं.

आमचं घर नदीकडे उतरणाऱ्या बोळात होतं. पुढे अब्बांचं दुकान, मागे दोन खोल्या आणि स्वयंपाकाची पडवी. वर मातीचं सपाट माळवद होतं आणि तिथं चढायला परसातून एक लाकडी शिडी. अब्बा पत्र्याच्या पेट्या करत. जून लागला की किनवटकडच्या वसतिगृहात पोरांना घालायला निघालेले बाप आमच्याकडून पेटी घेऊन रेल्वे धरायचे. अब्बा पेटीवर चढून उभे राहून दाखवायचे, "बघा, लई मजबूत हाय. तुमचं पोरगं मॅट्रिक होईल, पेटीला काय होत न्हाई." दिवसभर पत्र्यावर हातोडा पडत असे. त्यामुळे आमच्या घरात कुणी हळू बोलत नसे, कारण हळू बोललेलं ऐकूच जात नसे. एकटी भाभी हळू बोलायची. तिचं ऐकायचं तर अगदी जवळ जाऊन बसावं लागे, आणि मी जाऊन बसायची. आमच्या दोघींच्या मैत्रीचं खरं कारण हातोडा असावा, असं मला आता वाटतं.

इथे एक सांगून ठेवते. आमच्या घरात दखनी बोलत, मी शाळेत मराठी शिकले आणि पुढे आयुष्यभर मराठीच शिकवली. अम्मीचं बोलणं मी मराठीत आणून पाहिलं, पण मग ती अम्मी राहत नाही, कुणीतरी दुसरीच बाई होते. म्हणून तिचं जिथं जमलं तिथं तसंच ठेवलं आहे.

भाभीचे वडील लातूरला एका सरकारी बंगल्यावर माळी होते. बंगल्यातल्या कुठल्याशा साहेबाला कॅक्टसचा नाद होता. त्याची बदली झाली तेव्हा जाताना तो कुंड्या मागे टाकून गेला. नंतर आलेल्या साहेबाच्या बायकोनं त्या उचलून फेकायला सांगितल्या आणि भाभीच्या वडिलांनी त्या आपल्या खोलीमागे नेऊन ठेवल्या. आईविना वाढलेल्या भाभीचं बालपण त्या कुंड्यांत गेलं. झाडांची इंग्रजी नावं तिला ठाऊक नव्हती. तिनं स्वतःची ठेवली होती. पांढऱ्या केसांनी झाकलेली ती म्हातारी. उभी हिरवी ती काकडी. आणि उभ्या शिरांचं, गोल गरगरीत, टोकाला थोडं दबलेलं ते खरबूज. म्हातारी आणि काकडी तिच्या वडिलांकडे फुलून गेली होती. खरबूज कधीच फुललं नव्हतं. "बाबा म्हणतात, हे सगळ्यात मोठं फूल देणार," भाभी मला सांगायची, "पण त्याला पाहिजे तसं ऊन बंगल्याच्या मागं मिळालंच नाही. इथं माळवद आहे."

अम्मीनं काटे घरात ठेवायला साफ नकार दिला होता, म्हणून ते माळवदावर गेले. भाभीला हेच हवं होतं. आम्ही दोघींनी नदीची जाड वाळू आणली, विटांचे तुकडे फोडले, चुलीतला कोळसा चुरला, लिंबाच्या झाडाखालची कुजलेली माती चाळली. अब्बांनी डब्यांना तळाशी भोकं पाडून दिली. "भोकं पाडून डबा खराब करायला मला पहिल्यांदाच कुणी सांगितलं," ते म्हणाले, पण मोठ्या मनानं पाडली. दुपारी चार वाजता शाळेतून आले की मी दप्तर फेकून शिडी चढायची. भाभी खरबुजाच्या टोकाकडे नजर लावून बसलेली असे. टोकाला पांढरी लव असते. तिथून कळी येते. रोज आम्ही त्या लवेत पाहायचो आणि रोज तिथं लवच असायची.

खरा घोळ अम्मीच्या दयेनं केला. काट्यांवर तिचा राग होता, पण तहानलेला जीव तिला पाहवत नसे. तिचे गुडघे दुखायचे, शिडी तिला चढता येत नसे, मग ती येणाऱ्याजाणाऱ्याच्या हातात तांब्या द्यायची, "ऊपर के झाड़ां कू पानी डाल रे, सवाब मिलता." पुण्य मिळवायला बोळातले सगळेच तयार. पावसाळा संपता संपता म्हातारी बुडापासून पिवळी पडली आणि एका सकाळी हात लावताच लोळागोळा होऊन डब्यात बसली. भाभीनं तिला नदीच्या वाळूत पुरलं आणि मला समजावलं की या झाडांना हिवाळाभर तहानलेलं ठेवायचं असतं. थंडीत पाणी तोडायचं, ती आकसतात, सुरकुततात, मेली असं वाटतं, आणि ऊन तापायला लागलं की मग कळी धरतात. त्या हिवाळ्यात अम्मीला हे पटवता पटवता आमची पुरेवाट झाली. उन्हाळ्यात काकडीला कडेनं चार फिकट फुलं आली. खरबूज तसंच राहिलं. भाभी म्हणाली, "पुढच्या साली."

पुढच्या साली वेगळंच काही सुरू झालं. लग्नाला दोन वर्षं झाली होती आणि घरात पाळणा हलला नव्हता. शेजारच्या मरियमखालाचं आमच्याकडे रोजचं येणं होतं. ती दारातूनच बोलत आत यायची, सुपारी कातरत बसायची आणि उठताना एक वाक्य टाकून जायची. एके दिवशी तिनं ते वाक्य टाकलं, "घर पे काँटे रखे तो गोद कैसी भरेंगी?" अम्मी माणूस म्हणून वाईट नव्हती. आज तिच्या वयाची झाल्यावर तर मला तिची भीतीही समजते. एकच मुलगा, तोही अब्बांच्या हाताखाली पत्रा कापणारा साधा माणूस. आपल्यामागे त्याचं कोण, ही काळजी तिला पोखरत होती. काळजी करणाऱ्याला कुणीतरी कारण हातात दिलं की तो ते सोडत नाही. आठ दिवस ती धुसफुसत राहिली आणि पाऊस उघडल्यावर एका सकाळी, भाभी पाण्याला गेलेली असताना, माझ्या भावाला म्हणाली, "युनूस, वो काँटे आज निकाल."

युनूसभाईनं काढले. तो आईपुढे कधी बोलला नव्हता, तेव्हाही बोलला नाही. भाभी घागर घेऊन परतली तेव्हा माळवदावर डब्यांचे गोल ओले डाग तेवढे होते. ती रडली नाही, भांडली नाही. खाली येऊन तिनं भाकऱ्या थापल्या, सगळ्यांना वाढलं. त्या आठवड्यात तिचे वडील कामानिमित्त नांदेडला आले होते. त्यांच्याबरोबर ती 'आठ दिवसांसाठी' म्हणून लातूरला गेली. आठाचे पंधरा झाले, पंधराचा महिना झाला, आणि तिला आणायला आमच्याकडून कुणी गेलं नाही.

झाडं गेली त्याच दिवशी मी बोळाच्या टोकाला उकिरड्यावर गेले होते. काकडीचे बकरीनं तुकडे केले होते. खरबूज थोडं पुढे पडलं होतं. त्याचं बूड कुणाच्यातरी पायाखाली चिरडलं होतं, पण वरचा अर्धा गोळा शाबूत होता. मी तो ओढणीत गुंडाळून आणला. काटे ओढणीतून माझ्या छातीला टोचत होते ते अजून आठवतं. भाभीनं एकदा मला कलम बांधायचं बोलता बोलता सांगितलं होतं. बूड सडलं तर वरचा भाग कापून फड्या निवडुंगावर बसवता येतो. मी नदीकाठच्या कुंपणावरून निवडुंगाचं एक जाड पान काठीनं तोडून आणलं, ते वाळूत रोवलं आणि अब्बांच्या दुकानातलं पातं घेऊन परसात बसले. पान वरून सपाट कापलं. खरबूज खालून, चिरडलेला भाग जाऊन स्वच्छ हिरवट पांढरा गर दिसेपर्यंत, कापत गेले. गराच्या मधोमध एक बारीक गोल कडं दिसतं. खालचं आणि वरचं कडं एकमेकांना टेकलं पाहिजे. टेकलं असं वाटल्यावर वरून खाली शिवणाचा दोरा गुंडाळला. मान वर केली तर अब्बा उभे. हातात तेच पातं शोधत आलेले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, निवडुंगाकडे पाहिलं, आणि दुकानात गेले. थोड्या वेळानं बाहेर आले ते एक नवा कोरा डबा घेऊन. आठ इंच उंच, काठ वळवलेला, तळाला पाच भोकं. पेटीला लावतात तशा दोन कड्याही त्याला लावल्या होत्या, उचलायला. डबा खाली ठेवून ते म्हणाले, "अम्मी को मत बता. गोवऱ्यांच्या मागं ठेव."

माळवदावर अम्मीच्या गोवऱ्यांची रास होती. तिच्यामागे, दक्षिणेच्या उन्हात, ते कलम हिवाळाभर बसलं. पंधरा दिवसांनी दोरा सोडला, तर गोळा पडला नाही. मी माळवदावर एकटीच नाचले. मग पाणी तोडलं. शाळेतून येताना मी लातूरला पोस्टकार्ड टाकायची. भाभी चौथीपर्यंत शिकलेली. तिचं उत्तर मोठ्या मोठ्या अक्षरांत यायचं, आणि आम्ही दोघी फक्त झाडाबद्दल लिहायचो. मी लिहायची, "सुरकुत्या पडल्या आहेत." ती लिहायची, "पडू दे." घरात काय चाललंय ते मी लिहीत नव्हते. घरात मरियमखाला देगलूरकडच्या एका मुलीचं नाव घेऊन यायला लागली होती. दुसरं लग्न हा शब्द कुणी उच्चारत नव्हतं, पण युनूसभाईचे कपडे अम्मी स्वतः इस्त्री करायला लागली होती. भाई जेवायला बसला की ताटातलं अर्धं ठेवून उठायचा.

ऊन तापायला लागलं. खरबूज पुन्हा भरून ताठ झालं, त्याच्या बाजूला वाटाण्याएवढी दोन पिल्लंही फुटली, आणि परीक्षेच्या आदल्या आठवड्यात एका दुपारी मी लवेत पाहिलं तर तिथं एक तपकिरी केसाळ ठिपका होता. आदल्या दिवशी तो नव्हता. मी कार्ड टाकलं. उत्तर चौथ्या दिवशी आलं, पहिल्यांदाच अक्षरं वाकडी झाली होती. "कळीच आहे. डबा फिरवू नको. जी बाजू उन्हाकडे आहे ती उन्हाकडेच राहू दे, नाहीतर कळी गळते. दुपारी उघडेल, संध्याकाळी मिटेल. तीन-चार दिवस टिकतं. तू बघ आणि मला लिही कसं आहे."

मला लिही! हे वाचून माझं डोकंच फिरलं. लहानपणापासून जिनं वाट पाहिली तिनं ते फूल कार्डावर वाचायचं? मी कार्ड घेऊन तडक दुकानात गेले आणि हातोड्यावर आवाज चढवून म्हणाले, "अब्बा, हे झाड लातूरला न्यायचंय. उद्या दुपारी उघडेल." हातोडा थांबला. युनूसभाई कात्री हातात धरून तसाच उभा राहिला. झाड जिवंत आहे हे त्याला त्या क्षणी कळलं. आवाज बंद झाल्यामुळे आतून अम्मी बाहेर आली. अब्बांनी कार्ड मागून घेतलं. त्यांना मराठी वाचता येत होतं, पण ते फार वेळ वाचत राहिले. मग म्हणाले, "उद्याची पहिली गाडी. मी येतो. युनूस, तूही येतो. डबा तू धरणार."

"मैं?" भाई म्हणाला.

"तूनेच उठाके फेंका ना? अब तूच पकड़."

अम्मी दारात उभी होती. मला वाटलं आता आकाश कोसळणार. ती एवढंच म्हणाली, "दुकान बंद रखेंगे?" अब्बा म्हणाले, "हौ." ती आत गेली. सकाळी निघताना कपड्यात बांधलेल्या भाकऱ्या, लसणाची चटणी आणि उकडलेली अंडी शिडीच्या पायरीवर ठेवलेली होती. कुणी ठेवली ते कुणी विचारलं नाही.

त्या प्रवासाइतका आनंदाचा प्रवास मी पुन्हा केला नाही, आणि मी पुढे विमानातही बसले आहे. डब्याच्या उन्हाकडच्या बाजूला मी खडूनं सूर्य काढला होता. भाई डबा मांडीवर घेऊन खिडकीशी बसला, मी मागच्या बाकावरून त्याला हुकूम सोडत होते. बस वळली की ऊन सरकायचं, ऊन सरकलं की मी ओरडायची, "भाई, फिरव!" चार तासांत कळीला काही झालं नसतं हे आज मला ठाऊक आहे, पण तेव्हा आमच्यासाठी भाभीचं कार्ड म्हणजे कायदा होता. निवडुंगाच्या पानावर बारीक कुसळं असतात, डोळ्यांना धड न दिसणारी. डबा फिरवताना ती भाईच्या तळहातांत, बोटांच्या बेचक्यांत घुसत होती. लोहा गाव येईपर्यंत त्याचे हात लाल झाले. त्यानं एकदाही डबा खाली ठेवला नाही.

कंडक्टर आला. "हे काय हाय?"

"झाड हाय," अब्बा म्हणाले.

"ते दिसून राहिलंय. चाललंय कुठं?"

अब्बांनी एकदा भाईकडे पाहिलं आणि सगळ्या गाडीला ऐकू जाईल अशा दुकानातल्या आवाजात म्हणाले, "आमच्या सूनबाईचं झाड हाय. आज दुपारी फूल येणार हाय. तिला दाखवून, तिला घेऊन यायला चाललो."

घेऊन यायला! मी भाईकडे पाहिलं, भाईनं माझ्याकडे. आम्हा दोघांनाही हे बसमध्येच कळत होतं. भाईनं मान खाली घातली आणि डबा आणखी घट्ट धरला. पलीकडच्या बाकावर मुरुडचे एक फेटेवाले शेतकरी बसले होते. ते म्हणाले, "काट्यालाबी फूल येतं का हो?" मी सगळं सांगितलं, कलम, तहान, खडूचा सूर्य. मग काय, अहमदपूरपासून अख्खी बस कामाला लागली. वळण आलं की मागून कुणीतरी हाळी द्यायचं, "ओ पाव्हणं, फिरवा डबा!" एका बाईनं आपल्या खिडकीची काच वर सरकवून ऊन मोकळं केलं. कंडक्टर पुढे जाऊन ड्रायव्हरला म्हणाला, "उस्ताद, बाराच्या आत लातूर गाठा. हितं फूल खोळंबलंय." लातूरला उतरताना मुरुडच्या त्या काकांनी भाईच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "आता न्या नीट."

बंगल्यामागे भाभी वाफ्यात वाकलेली होती. तिनं आधी डबा पाहिला. मग डबा धरणारा. ती उठून आली, पण भाईशी बोलली नाही, डब्याजवळ उकिडवी बसून कलमाच्या सांध्यावरून अंगठा फिरवत म्हणाली, "कुणी बांधलं?"

"मी," मी म्हणाले.

"एकटीनं?"

"एकटीनं."

तिनं माझा कान धरून मला जवळ ओढलं आणि कपाळाचा मुका घेतला. मला पुढे पदवी मिळाली, बी.एड. झालं, शाळेत मुख्याध्यापिका झाले. त्या अंगठ्याखाली आपलं काम पास झालं तेव्हा जे वाटलं ते पुन्हा वाटलं नाही.

डबा उन्हात ठेवला. साडेअकरा झाले असतील. भाई तसाच उभा होता, हात अंगापासून लांब धरून. भाभीचं लक्ष गेलं. ती आत गेली आणि कणकेचा एक गोळा घेऊन आली. "बसा," म्हणाली. भाई बसला. तिनं त्याचा तळहात उलगडला आणि त्यावर तो गोळा दाबून दाबून फिरवायला लागली. कुसळं कणकेत अडकून निघत होती. सहा महिन्यांत ती दोघं पहिल्यांदा समोरासमोर होती. भाई खाली पाहत म्हणाला, "सांगितलं अम्मीनं. पण हात माझे होते." भाभीनं दुसरा तळहात घेतला. थोड्या वेळानं भाईच म्हणाला, "देगलूरचं काही होणार नाही. झालं तर मी घर सोडेन." हे त्यानं अब्बांसमोर, सासऱ्यासमोर, माझ्यासमोर सांगितलं, आणि माझा भाऊ सहसा पाणी मागायलाही आवाज चढवत नसे.

"मुलाचं काय?" भाभीनं विचारलं.

"होईल, न होईल."

"आणि माळवद?"

याचं उत्तर अब्बांनी दिलं. "माळवद तुझं. उद्यापासून तिथं गोवरीसुद्धा तुला विचारून ठेवतील."

"बघा हो, इकडे बघा!" भाभीचे वडील ओरडले. बोलण्याच्या नादात आम्ही पाठ केली होती आणि तेवढ्यात कळी सैल झाली होती. आम्ही पाचही जणं डब्याभोवती मातीत बसलो. पाकळ्या एकदम उघडत नव्हत्या. पाहत राहिलं तर हलत नव्हत्या आणि पापणी लवली की पुढे सरकलेल्या असत. पिवळा रंग, पण हळदीचा नाही, झेंडूचा नाही. नव्या रेशमासारखा, उन्हात चमकणारा. बारा वाजेपर्यंत ते ताटलीएवढं उघडलं, म्हणजे लहानशा ताटलीएवढं, पण गोळ्यापेक्षा मोठं, आणि मध्ये जांभळट लाल रंगाचा एक तुरा. भाभीचे वडील आयुष्यभर माळी. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. भाभी हसायला लागली. ती मोठ्यानं, खळखळून हसत होती. इतका मोठा तिचा आवाज आम्ही कधीच ऐकला नव्हता.

रात्रीचा मुक्काम करून सकाळच्या गाडीनं आम्ही चौघं परतलो. फूल संध्याकाळी मिटलं होतं. नांदेडला उतरेपर्यंत भाभीच्या मांडीवर पुन्हा उघडलं. टोपली नव्हती, रुमाल नव्हता. स्टँडपासून बोळापर्यंत ती तो डबा दोन्ही कड्यांनी धरून, उघडा, छातीपाशी घेऊन भर दुपारी चालत आली. लोक दुकानांतून बाहेर येऊन पाहत होते. बोळातल्या बायका मागोमाग निघाल्या. दारात अम्मी उभी होती. आतून खिचडीचा आणि चिंचेच्या खट्ट्याचा वास येत होता. खिचडी-खट्टा भाभीच्या आवडीचा, म्हणून ती गेल्यापासून आमच्या घरी तो कधी झाला नव्हता. अम्मीनं भाभीकडे पाहिलं, फुलाकडे पाहिलं. तिचे ओठ हलले, पण माफीचा शब्द तिच्या तोंडात कधी नव्हताच. ती म्हणाली, "इदर कायकू खड़ी? पहले ऊपर रख. धूप जा रही."

आणि भाभीच्या मागून ती स्वतः शिडी चढली. दोन्ही गुडघे धरत, प्रत्येक पायरीवर अल्लाचं नाव घेत. कित्येक वर्षांत माळवदावर तिनं पाय ठेवला नव्हता. तिच्यामागे बोळातल्या बायका चढल्या. अम्मी काठाशी उभी राहून एकेकीला वर घेत होती आणि जणू घरात लग्न असावं तशी सांगत होती, "हमारी बहू का फूल है. हात नक्को लगाओ. दूर से देखो."

सगळ्यांत शेवटी मरियमखाला चढली. धापा टाकत तिनं फूल पाहिलं, मग भाभीला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि सवयीप्रमाणे वाक्य टाकलं, "फूल तो आया. और गोद?"

अम्मी वळली. "फूल देखने आई ना? फूल देख. नहीं देखना तो सीढ़ी उदर है."

भाभीला मूल झालं नाही. हा प्रश्न आमच्या घरात, आमच्या बोळात, अम्मी असेपर्यंत आणि ती गेल्यावरही पुन्हा कुणी विचारला नाही. त्या माळवदाचा पुढे स्लॅब झाला. भाभी आता सत्तरीपार आहे, आणि तिच्या झाडांचं पुस्तक लिहायचं तर ते वेगळं लिहावं लागेल. विष्णुपुरीच्या कॉलेजातली मुलं तिच्याकडे कलम शिकायला येतात.

पण त्या दुपारी मरियमखाला शिडीकडे गेली नाही. ती खरबुजाशेजारी बसली. बराच वेळ बसली. बाकीच्या बायका उतरून गेल्या तरी बसली. मग गोळ्याच्या बाजूला फुटलेल्या त्या दोन पिल्लांकडे बोट दाखवून, भाभीकडे न पाहता, हळूच म्हणाली, "इसमें का एक मेरे कू देती क्या?"

भाभीनं तोंड उघडायच्या आत अम्मी म्हणाली, "पहला मेरे कू."